आधी माझा स्वार्थ सांगते

मला हर्षाताईंनी वाचवलं, हे सगळ्यात आधी लिहिते. काय झालं होतं ते मागून लिहीन, कारण ते कागदावर उतरवायचं म्हटलं की अजून पेन अडतं. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

हर्षाताई डहाणूच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसायच्या. औषधांच्या खिडकीशेजारी एक पडदा, पडद्याआड एक टेबल आणि दोन खुर्च्या, एवढीच त्यांची जागा. गुजराती बोलणाऱ्या बायका त्यांना हर्षाबेन म्हणत, आम्ही ताई म्हणायचो. उंच, काटक बाई. केस नेहमी घाईत बांधल्यासारखे. त्या जवळच्याच नरपड गावच्या. घरची होडी, आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची. त्यांची एक सवय मी दुसऱ्या कुठल्याच शिकलेल्या माणसात पाहिली नाही. कुणाला सल्ला द्यायची वेळ आली की त्या हातातलं पेन टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांब. आधी माझा स्वार्थ सांगते."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरलेच. वाटलं, ही बाई आता काहीतरी मागणार.

मी हिंगोलीकडची, सासरही तिकडचंच. लग्न झालं आणि ह्यांच्या कामासाठी घोलवडला आले. हे अच्छाडला हायवेवर टायरच्या दुकानात आहेत, सकाळी मोटरसायकलवर जातात ते अंधार पडल्यावर येतात. मी चिकूच्या चकत्या कापून वाळवायच्या कामाला जायचे. आरू झाली तेव्हा काम सुटलं. माहेर एवढं लांब की आई बारशाला आली आणि पंधरा दिवसांत परत गेली. मग दिवसभर खोलीत मी आणि आरू.

आरू चार महिन्यांची असताना एका दुपारी मी दुधी चिरत होते. ती शेजारी गोधडीवर पाय हलवत होती. विळीच्या पात्याकडे नजर गेली, तिथून तिच्याकडे गेली, आणि मनात आलं, हे पातं हिला लावलं तर? माझ्याच मनात, माझ्याच आवाजात. मी विळी मिटली आणि मोरीत जाऊन ओकले. पण तो विचार गेला नाही. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. पुढे दिवसातून शंभरदा यायला लागला.

शेजारच्या रमिलाकाकींना मी एवढंच म्हणाले की विळी बघितली की कसंतरी होतं. काकी भल्या. "नजर लागली असेल विळीला," म्हणून विळी घेऊन गेल्या. मग मी सुरी दिली, कात्री दिली, ह्यांचं दाढीचं ब्लेडसुद्धा दिलं. काकी भाजी चिरून आणून द्यायच्या आणि हसायच्या, "घरात विळी नाय ने संसार मांडलाय बघा हिने." घर जितकं रिकामं झालं तितकी भीती वाढत गेली. शेवटी घरात धारेचं काही उरलं नाही, तेव्हा मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली. दूध पाजताना मी हात पदरात गुंडाळून घ्यायचे.

लस द्यायला गेले तेव्हा सिस्टरने ते गुंडाळलेले हात बघितले आणि मला पडद्याआड पाठवलं.

मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. हर्षाताईंनी केसपेपर बाजूला ठेवला, घाई केली नाही. अखेर माझ्या तोंडून निघालंच. वाटलं, आता पोलीस बोलावतील. आरूला घेऊन जातील. ताईंनी विचारलं, "तुला तसं करावंसं वाटतं, का तसं होईल म्हणून भीती वाटते?"

"भीती, ताई. मी जीव देईन पण..."

"कुणी हुकूम सोडल्यासारखा आवाज येतो? जीव द्यायचं खरंच मनात येतं? झोप लागते?" त्या एकेक विचारत गेल्या, मी उत्तरं देत गेले. मग म्हणाल्या, "हा भीतीचा आजार आहे. असले विचार पुष्कळ आयांना येतात. कुणी बोलत नाही, एवढंच."

त्या दिवशी मी रडले ते किती रडले. मग मंगळवार-शुक्रवार जायला लागले. गेले की एकच विचारायचे, "मी नाही ना करणार काही?" त्या म्हणायच्या, "नाही करणार. तू चांगली आई आहेस." तेवढं ऐकायलाच मी जायचे. सुरुवातीला तो धीर घोलवडच्या खोलीपर्यंत पुरायचा. मग वाटेतल्या चिखले गावापर्यंत. मग रिक्षा नरपड सोडायच्या आतच संपायचा. मी फोन करायला लागले. त्या उचलायच्या. "नाही करणार," म्हणायच्या. फोन ठेवला की परत तेच.

एके दिवशी मीच सासूबाईंना फोन केला आणि म्हटलं, आरूला घेऊन जा. त्या म्हणाल्या, "सोयाबीन निघालं की येते." हे चिडले. "अंगावर पिणारं लेकरू हिंगोलीला पाठवतेस? डोकं ठिकाणावर आहे का?" मी काय सांगणार? माझ्यापासून लांब राहिली तर जगेल, एवढंच मला कळत होतं. सोयाबीन निघायला तीन आठवडे होते.

हे ताईंना सांगितलं. "तुझं नाव न सांगता मी माझ्या वरच्या मॅडमना विचारू का?" एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली. पुढच्या शुक्रवारी गेले तर पेन आधीच टेबलावर ठेवलेलं.

"कविता, आज माझा स्वार्थ मोठा आहे," त्या म्हणाल्या. "तू येतेस, रडतेस, मी धीर देते, तू म्हणतेस बरं वाटलं. मला ते ऐकायला आवडतं. म्हणून दोन महिने मी बघितलंच नाही की तुझा आजार त्या धीरावरच पोसतोय. चूक माझी. तुझी नाही."

ज्या दोरीला धरून मी लोंबकळत होते, ती धरणारीच म्हणत होती की दोरी चुकीची. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मला फसवलं?"

"फसवलं नाही. पण माझ्याकडे होतं तेच दिलं. मासळीवालीला विचार, ती आपल्याच पाटीतली ताजी सांगणार." मग म्हणाल्या, "माझी आई मात्र सांगायची हां. आज माझे बोंबील कालचे आहेत, तिच्याकडून घे. घरी आल्यावर बाबा ओरडायचे. मी दोन महिने आईसारखी वागले नाही."

मग त्यांनी केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दाखवलं. एक वाट म्हणजे असंच बोलत राहायचं, ते सोपं, पण फरक पडेल असं त्यांना वाटत नव्हतं. दुसरी वाट म्हणजे ज्याची भीती त्याच्याजवळ थोडं थोडं जायचं, आणि धीर मागायचा नाही. या आजाराला तीच लागू पडते असं शिकलेले लोक सांगतात, पण सुरुवातीला भीती वाढते, आणि काहीजणींना ती सोसत नाही. गोळ्यांचं डॉक्टर सांगतील, त्यासाठी चिठ्ठी देते. "आणि ही दुसरी वाट मी कधी कुणाला चालवलेली नाही. ही वाट शिकलेला माणूस गुजरातेत वापीला आहे. तिथे जायचं तर मी सोबत येते. इथे करायचं तर वरच्या मॅडम मला फोनवर सांगतील. तेही तुला माहीत असू दे."

रमिलाकाकी मला भगताकडे, अंगारा-धुपारा करणाऱ्याकडे, न्यायचं म्हणत होत्या, तेही मी विचारलं. वाटलं, हसतील. "जायचं तर जा. मनाला आधार असतो," त्या म्हणाल्या. "बाळाला धूर-चटके काही नको, आणि इथलं सोडू नकोस."

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल ते, ताई."

"असं नको. तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नकोस."

तेव्हा मला राग आला. आज लाज वाटते, पण बोलले. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला वाटा दिसतात. मला काय कळतंय? माझं लेकरू चाललंय, आणि तुम्ही मला कागद दाखवताय."

ताईंनी कागद बाजूला सरकवला. "बरोबर आहे तुझं. निवड तुझ्या गळ्यात टाकून मी सुटते, हाही स्वार्थच. माझं मत सांगते. तू भीतीच्या वाटेने जावंस असं मला वाटतं. पण ते मत आहे, हुकूम नाही. मधेच थांब म्हणालीस तर थांबायचं."

मी हो म्हटलं. एकदा वापीला जाऊन तपासून आलो, ताई सोबत होत्या. पण ते सगळं नव्या माणसाला हिंदीत सांगायचं माझ्याच्याने होईना. म्हणून बाकीचं हर्षाताईंकडेच करायचं ठरलं.

त्यासाठी ताई आमच्या खोलीवर यायला लागल्या. पहिलं काम, विळी परत आणायची. काकींना ताईंनी आजारातलं अक्षरही सांगितलं नाही. "हिला विळी लागतेय," एवढंच. काकी म्हणाल्या, "चला, संसार सुरू झाला एकदाचा." पहिले दोन दिवस विळी नुसती फळीवर ठेवली. मी त्या फळीकडे पाठ करून झोपू शकले नाही. मग खाली घेतली, मिटलेली. मग उघडून तिच्यासमोर बसले, आरू काकींकडे. अंगातून घाम निथळायचा. ताई समोर मांडी घालून बसायच्या आणि विचारायच्या, "किती? दहापैकी?" मी म्हणायचे नऊ. त्या म्हणायच्या, "बस मग. सात होईपर्यंत उठायचं नाही."

आणि तो दिवस आला. आरू गोधडीवर, हातभर अंतरावर. मी विळीवर, हातात दुधी. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "ताई, मी नाही ना करणार?"

त्या म्हणाल्या, "माहीत नाही."

आयुष्यात मी इतकं भीतीदायक वाक्य ऐकलं नाही. कानात वारं भरल्यासारखं झालं. आरूने पाय झाडला. मी दुधीची एक फोड केली. मग दुसरी. माझं नाक गळत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. किती वेळ गेला कळलं नाही. दुधी संपला तेव्हा ताई म्हणाल्या, "किती?" मी म्हटलं, "सहा." तेव्हा बघितलं, त्यांचेही हात मांडीवर घट्ट दाबून धरलेले होते.

"तुम्हालाही भीती वाटली?"

"फार," त्या म्हणाल्या. "मला तुझी भीती नव्हती, माझी होती. ही वाट मी दाखवली ना."

रोज केलं. कधी आठ, कधी चार. एकदा परत नऊवर गेलं, तेव्हा मी दोन दिवस थांबले. त्या रागावल्या नाहीत. सासूबाई आल्या त्या दुपारी मी शेपूची भाजी चिरत होते आणि आरू माझ्या गुडघ्याला धरून बसायला बघत होती. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मला कशाला बोलावलंस गं मग?" मी म्हटलं, "नातीला बघायला." आठ दिवस राहिल्या, नातीचे लाड केले आणि एकट्याच परत गेल्या. त्यांना अजून काही माहीत नाही. ह्यांना अर्धं माहीत आहे.

पुढच्या वर्षी हर्षाताईंचं इथलं काम संपलं. आता त्या नाशिकला नव्या समुपदेशकांना शिकवतात. जायच्या आधी घरी आल्या. आरूने त्यांची ओढणी चोखून ओली केली. चहा घेताना म्हणाल्या, "कविता, मला तुझ्याकडून एक हवंय. मोठा स्वार्थ आहे. एक दिवस माझ्या वर्गात ये आणि मी दोन महिने काय चूक केली ते त्या मुलींना सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल बाई नम्र आहे. तू सांगितलंस तर त्या घाबरतील. घाबरायलाच हवं त्यांनी. पण तुला जमेल तेव्हा. नाही जमलं तरी माझं काही अडत नाही."

मी कपबश्या उचलून मोरीत नेल्या. हिंगोलीला कळलं तर काय म्हणतील, हिच्याकडे लेकरू ठेवायचं कसं म्हणतील, हेच डोक्यात आलं. ती भीती अजून आहे. तो विचारही अधूनमधून येतो. मी त्याला ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. त्याच्याशी भांडणं मात्र थांबवलं आहे.

ताई, हा कागद तुमच्यापर्यंत पोचेल की नाही ठाऊक नाही. मी येईन. आधी ह्यांना उरलेलं अर्धं सांगेन, मग तिकीट काढेन. वर्गात उभी राहिले की भीती नऊवर जाईल, कदाचित दहावरही. तरी सात होईपर्यंत मी खाली बसणार नाही.