खोडलेली ओळ

मुलांनो, आमच्या जेसल पार्कच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक बाई राहते. ती माशांच्या रेसिपींचे व्हिडिओ करते. मध्यंतरी तिचं चॅनल अचानक बंद पडलं आणि सगळे प्रेक्षक एका दिवसात गेले. तेव्हापासून लिफ्टमध्ये जो भेटेल त्याचा ईमेल ती वहीत उतरवून घेते.

"काकू, चॅनल गेलं तरी माझी माणसं माझ्याकडे राहायला हवीत ना!"

दर शनिवारी सगळ्यांना तिचं पत्र येतं, अगदी घरच्यासारखं. एवढी आपुलकी मला खुपते.

परवा तिच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलेलं दिसलं: 'एकट्या. नातवंडं परदेशात, रविवारी फोन. बांगडा आवडतो.'

"हे कशाला गं लिहिलंस?"

"माणूस लक्षात नको राहायला, काकू?"

"माझं नाव खोड."

तिने वाद न घालता पट्टी ठेवून ओळ खोडली. शनिवारी पत्र आलं नाही. रविवारी तुमचा फोनही आला नाही.

सोमवारी लिफ्टमध्ये तिने विचारलं, "काल बोलली का नातवंडं?"

तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "हो, बराच वेळ."