चार बोटं कमी

आपटराव आयुष्यभर लोकांच्या हसण्यावर जगला, पण हसणाऱ्या माणसावर त्यानं कधी विश्वास ठेवला नाही. समोरचा हसला की हा आधी पॅन्टची बटणं चाचपायचा, मग मागे वळून बघायचा, आणि दोन्हीकडे काही सापडलं नाही तर डोळे बारीक करून त्या माणसाकडे बघत राहायचा. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री कुठेतरी असेल. नाटक मंडळीत आणि गल्लीत त्याला आपटरावच म्हणत, आणि का म्हणत हे कुणी विचारत नसे. पडणं हाच त्याचा धंदा होता.

धंद्याची सुरुवातही संशयातूनच झाली. बाविसाव्या वर्षी तो ह्याच मंडळीच्या जाहिराती भिंतींवर चिकटवायचा. एका प्रयोगाला खुर्च्या मांडणारा माणूस आला नाही, म्हणून थोरल्या मालकांनी चालू अंकात ह्याच्या हातात खुर्ची देऊन ह्याला आत ढकललं. खुर्ची ठेवून निघायचं तर एवढी तोंडं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर गडी त्यांच्यावर नजर ठेवत त्याच खुर्चीवर टेकला. खुर्ची मोडली. हा दाणकन खाली. लोक असे हसले की नायकाला पुढचं वाक्य सुचेना. पडदा पडल्यावर थोरले मालक म्हणाले, "उद्या पुन्हा पडशील का रे?"

ह्यानं होकारार्थी मान हलवली. पण ती खुर्ची मालकांनीच आधी खिळखिळी करून ठेवली होती, हा संशय त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच. म्हातारा वारल्यावरही घरी येऊन बायकोला म्हणाला, "बघ, शेवटपर्यंत कबूल केलं नाही!"

लग्नाचीही तीच तऱ्हा. तरुणपणी एकदा त्याच्या लक्षात आलं, की तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसते आणि सगळे हसतात तेव्हा ही हसत नाही. दुसऱ्या मंडळीनं पाठवलेली दिसते, असं ह्यानं ठरवलं आणि प्रयोग सुटल्यावर तिला दारात गाठलं.

"तुम्ही हसत का नाही?"

"जोरात पडता तुम्ही. लागलं का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. लागलं का, एवढंच विचारलं."

ह्यानं सहा महिने तिची चौकशी केली. काहीच सापडेना, तेव्हा संशय आणखी वाढला, आणि मग नजरेसमोर राहील म्हणून तिच्याशी लग्न केलं. पस्तीस वर्षं नजरेसमोर होती. तेवढ्या वर्षांत बाई त्याच्या पडण्याला एकदाही हसली नाही. घरी आला की चहाचा कप पुढे ठेवायची आणि विचारायची, "लागलं का?"

आता त्याची हुकमी भूमिका सांगितली पाहिजे. एका साध्या कारकुनाच्या घरी त्याचा बडा साहेब येतो, असं नाटक होतं. साहेब म्हणजे आपटराव. काळा कोट, काळी पॅन्ट, मान ताठ. तिसऱ्या अंकात साहेब ऐटीत स्टुलावर बसतो आणि म्हणतो, "माझ्या खुर्चीला धक्का लावणारा अजून जन्माला आलेला नाही." म्हणेपर्यंत स्टुलाचा एक पाय निखळतो आणि साहेब जमिनीवर. पाय कधी निखळायचा ते मंडळीच्या सुताराच्या हातात. किडकिडीत, खरखरीत माणूस, म्हणून सगळे त्याला रंधा म्हणत. तो पाय असा काही बसवायचा, की वजन पडलं आणि चार शब्द झाले की खटका सुटलाच.

एकोणीस वर्षं ते नाटक असंच चाललं. पडल्यावर आपटराव पाठीवर पडून राहायचा, हात पाठीखाली दाबायचा आणि हशा बोटांवर मोजायचा. एक श्वास, एक बोट. सात बोटं हा त्याचा नेहमीचा हिशेब. सात झाली की उठायचं आणि म्हणायचं, "फरशी थंड आहे हो तुमच्याकडे."

बासष्टी गाठली आणि सातची सहा झाली. मग पाच. एका हिवाळ्यात चारवर आली, आणि फेब्रुवारीत तर तीनच बोटांवर हशा विझला आणि कुणीतरी खोकलं.

त्यातच मालकीणबाईंनी, म्हणजे थोरल्या मालकांच्या लेकीनं, जाहीर केलं की महिन्याभरानं नवा दौरा आहे आणि भूमिका पुन्हा ठरतील. मंडळीत एक गोरागोमटा नट होता, सगळे त्याला चिकणा म्हणत. तो त्याच दिवशी येऊन विचारतो, "दादा, कंबर कशी आहे?"

"का? तुला हवीय?"

"नाही, आपलं सहज."

सहज! आपटरावाच्या शब्दकोशात हा शब्दच नव्हता. त्या दिवसापासून त्यानं डोळे उघडे ठेवले, आणि उघड्या डोळ्यांना काय काय दिसायला लागलं! पहिलं म्हणजे साहेबाची काळी पॅन्ट कंबरेत तीच होती, पण बसायच्या जागी घट्ट होत चालली होती. हा काही जाड झालेला नव्हता. दुसरं म्हणजे स्टूल. पूर्वी ते त्याच्या गुडघ्याच्या वाटीला लागायचं, आता वाटीच्या खाली कुठेतरी हरवायचं. त्यानं घरून सुतळी आणली. जुन्या स्टुलाचा एक मोडका पाय अडगळीत पडला होता, तो मापून सुतळीला गाठ मारली, आणि दुपारी कुणी नसताना नव्याला लावून बघितली.

चार बोटं कमी.

तिसरं जे दिसलं, ते मात्र सुतळीनं मापता येणारं नव्हतं. एका दुपारी तो रंगवलेल्या भिंतीच्या आडोशाला उभा राहून सुतारखोलीवर पाळत ठेवून होता. मागच्या दारानं त्याची बायको आली. हातात कापडी पिशवी. रंध्यानं इकडेतिकडे बघितलं आणि हात पुढे केला. बाईनं पिशवीतून घडी केलेलं काहीतरी काढून त्याला दिलं.

आपटरावानं मान लांब करून बघितलं. ती त्याचीच पॅन्ट होती.

आता बायको परक्या पुरुषाला चोरून भेटली तर माणसाला काय वाटावं, हे ठरलेलं आहे. पण ती चोरून नवऱ्याचीच पॅन्ट द्यायला आली तर काय वाटावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. तो क्षणभर गोंधळला. मग सुतळी फडकावतच आत घुसला.

"पकडलं! चार बोटं! चार बोटं कापलीस लेका माझ्या स्टुलाची!"

रंध्यानं हातातली पॅन्ट पाठीमागे नेली. एवढी वर्षं नटांत राहूनही त्याला लपवणं जमत नव्हतं.

"साडेचार," तो म्हणाला. "सुतळी आखडलीय तुमची."

"कुणी सांगितलं कापायला? चिकण्यानं?"

"मी सांगितलं," बायको म्हणाली. "भाऊजींना बोलू नका."

"तू? आणि त्या पॅन्टीत काय भरलंयस?"

"कापूस. तीन थर झालेत, चौथा आज घातला."

"का?"

"का म्हणजे? दोन वर्षांपूर्वी सकाळी उठता येईना तुम्हाला, आठवतंय? मान अवघडली म्हणालात. मान अवघडल्यावर माणूस कंबर धरतो होय? कूस बदलताना कण्हता तुम्ही. मला ऐकू येतं. सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

"मग!"

आपटराव लाकडाच्या भुशावर बसला. हळूच बसला, आणि बसताना कंबरेवर हात गेला, तो दोघांनीही बघितला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत ते?" तो म्हणाला. "लोक माझ्या तोंडाकडे बघून हसत नाहीत. आवाजाला हसतात. हाड जमिनीवर आदळल्याचा आवाज आला की मागच्या रांगेतल्या आंधळ्यालाही कळतं, साहेब पडला. तुम्ही उंची काढून घेतलीत, वर गादी भरलीत. आता मी पडतो तो उशी पडल्यासारखा. उशीला कोण हसणार? महिन्यानं मालकीणबाई भूमिका त्या चिकण्याला देणार, आणि मी पुन्हा भिंतीवर जाहिराती चिकटवणार, त्याच्या तोंडाच्या."

बायकोनं पिशवीची घडी घातली. एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. रंध्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली.

"आवाजच पाहिजे ना?" तो म्हणाला. कोपऱ्यातून त्यानं हातभर फळी उचलली आणि जमिनीवर आडवी आपटली. धप्प! बाई दचकली. आपटराव स्वतः दचकून स्वतःच्या बुडाकडे बघायला लागला.

तेव्हापासून पडायचा आपटराव आणि आदळायची रंध्याची फळी. पडद्याच्या कडेला रंधा गुडघ्यावर बसायचा. पहिल्याच प्रयोगाला पाच बोटं झाली. चौथ्याला सहा. बायकोनं सुस्कारा टाकला, रंध्यानं फळीला तेल पाजलं, आणि कुणाचाही जीव थंड झाला असता. आपटरावाचा होईना.

आधी त्याला वाटायला लागलं की रंधा मुद्दाम उशीर करतो. "आज अर्धा श्वास मागे होतास."

"बरोबर होतो."

"हाताला घाम आला होता का? कशाचा?"

मग एका दुपारी त्यानं रंधा आणि चिकणा ह्यांना एकत्र चहा पिताना बघितलं, आणि मग विचार सुरू झाला तो थांबेना. हशा आता फळीचा आहे. फळी रंध्याच्या हातात आहे. म्हणजे पडणारा कुणीही चालेल! उद्या चिकणा पडला, परवा पोतं पडलं, तरी सहा बोटं येणारच. हे आधीच ठरलेलं असणार. आपल्याला आपलीच जागा रिकामी करायला लावली, आणि वर आपण मान हलवली. चाळीस वर्षांपूर्वी हलवली होती, तशीच.

"रंधा माझ्याकडे बघून फळी मारतो की नुसतं वाक्य ऐकून?" त्यानं बायकोला विचारलं.

"बघूनच मारत असतील."

"असतील! तू त्यांची वकील आहेस का?"

वाक्य ऐकून मारत असेल तर आपली गरजच नाही, एवढं त्यानं स्वतःशी पक्कं केलं. आणि ते तपासायचं ठरवलं. नेमका तो प्रयोग निवडला, ज्याला मालकीणबाई वही घेऊन पुढे बसणार होत्या. शहाण्या माणसानं दुसरा दिवस निवडला असता, पण त्याच दिवशी घात होणार अशी ह्याची खात्री होती, म्हणून पकडायचंही त्याच दिवशी. बायको नेहमीसारखी तिसऱ्या रांगेत होती.

तिसरा अंक. साहेब ऐटीत आला. स्टुलावर टेकल्यासारखं केलं, पण सगळं वजन मांड्यांवर तोललं. कंबरेतून कळ गेली. "माझ्या खुर्चीला धक्का लावणारा..." त्यानं टाचेनं ढोसलं तसा पाय निखळला, स्टूल कलंडलं, आणि साहेब अर्धवट वाकलेला, जमिनीपासून दीड हातावर, तसाच अधांतरी राहिला.

आणि पडद्याआडून आवाज आला. धप्प!

नाट्यगृह गप्प झालं.

आपटराव त्या क्षणी नाटक करत नव्हता. त्याला जे कळायचं होतं ते कळलं होतं, आणि त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला. त्यानं मान न हलवता डोळे डावीकडे नेले, पडद्याकडे. मग एक हात हळूच मागे नेऊन बुड चाचपलं. आहे. मग जमीन चाचपली. तीही आहे, पण खाली आहे. मग डोळे बारीक करून त्यानं पहिल्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थाकडे असं बघितलं, की पडलं कोण ते ह्यालाच ठाऊक आहे.

जाड्या गृहस्थानं घाईघाईनं स्वतःच्या खुर्चीखाली बघितलं. आणि मग नाट्यगृह फुटलं. लोक पुढच्यांच्या पाठी बडवायला लागले. आपटराव पाठीमागे बोटं मोजत होता. सात झाली, आठ झाली, दोन्ही हातांची बोटं संपली तरी आवाज थांबेना. पडद्याआड रंधा हातातल्या फळीकडे असा बघत होता, जणू तिनं स्वतःहून उडी मारली.

"फरशी," आपटराव अखेर म्हणाला, "जरा वर घ्या हो तुमची." तिथे पुन्हा पाच बोटं.

मालकीणबाई रंगपटात आल्या. "हे कधी बसवलंत?"

"बरेच दिवस मनात होतं," आपटरावानं ठोकून दिलं.

दौऱ्याच्या कागदावर साहेबासमोर त्याचंच नाव आलं. पुढची आठ वर्षं तो साहेब झाला आणि एकदाही पडला नाही. मध्यंतरी तो तापानं आजारी होता तेव्हा चिकण्यानं ते करून बघितलं. अधांतरी राहिला, बुड चाचपलं, सगळं केलं. पण त्याला कुणावर संशय घेता येईना. लोकांना वाटलं, पोराची पॅन्ट उसवली.

रंध्याला त्यानं स्टुलाचे पाय परत उंच करायला लावले. ते दर प्रयोगाआधी सुतळीनं मापायचा, आणि रंधाही समोर उभा राहून मापू द्यायचा. फळी वाक्य ऐकून मारली की बघून, हे रंध्यानं कधी सांगितलं नाही. आपटरावानं अनेकदा विचारलं.

राहिलं त्या दिवसाचं. मालकीणबाई गेल्यावर तो तोंडाचा रंग पुसत बसला होता. बायको दारात आली. तिनं काही विचारायच्या आधीच तो आरशातून तिच्याकडे बघून म्हणाला, "तू हसलीस."

"मी? छे."

"तिसऱ्या रांगेत. मी बघितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा."

"खोकला आला होता."

"खोकताना दात दिसत नाहीत." त्यानं खुर्ची फिरवली, डोळे बारीक केले. "खरं सांग, कुणी सांगितलं होतं हसायला?"

बाईनं खुंटीवरची काळी पॅन्ट काढली, पिशवीत घातली. "चला," ती म्हणाली, "कापूस काढून टाकायचाय मला."