बायकांनी उठायचं न्हाय

फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. तासाला फोन बंद ठेवायचा असा आमच्या शाळेचा नियम, पण मामा आठ दिवस दवाखान्यात होते म्हणून मी तो पर्समध्ये चालू ठेवला होता. माझा नवरा मिलिंद एवढंच म्हणाला, "आण्णा गेले गं…" मामा म्हणजे माझे सासरे. त्यांची मुलं त्यांना आण्णा म्हणायची, मी मामा म्हणायचे. वर्गातून बाहेर आले, व्हरांड्यातल्या खांबाला टेकले, आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हा, की आता रविवारी शेतात चूल कोण पेटवणार? माणूस गेल्याच्या बातमीवर असलं काही सुचतं का कुणाला? मला सुचलं. स्वतःची लाज वाटली, मग रडू आलं, मग रिक्षा करून दवाखान्यात गेले. पुढचे चार आठवडे, घरी माणसं येत-जात होती, जलदान विधी झाला, तरी तो प्रश्न काही माझी पाठ सोडेना.

मामा रेल्वेत गँगमन होते. दौंड ते वाडी या लाइनीवर उन्हातान्हात रूळ तपासत, त्यांच्या सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकत, खडी ओढत त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी मंगळवेढा रस्त्याला, आतल्या बाजूला, दीड एकर काळी जमीन घेतली. ज्वारी, बांधाला तूर, विहिरीजवळ वांग्यांच्या चार ओळी आणि सावलीला एक मोठं लिंबाचं झाड. दिवाळी झाली की होळीपर्यंत दर रविवारी आमचं सगळं घर सोलापुरातून उठून तिकडे. स्वयंपाक तिथेच, उघड्यावर, तीन दगडांच्या चुलीवर. आणि तो सगळा, पीठ मळण्यापासून पातेलं घासण्यापर्यंत, मामा करायचे. "शेतात बायकांनी उठायचं न्हाय," हा त्यांचा कायदा. पाण्याचा तांब्यासुद्धा पुरुषांनी आणून द्यायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. माझी आई मी लहान असताना गेली, मी वाढले वसतिगृहात. बीजगणित मला झोपेतून उठवून विचारा, पण भाकरी? परातीला कधी हात लागला असेल तर शपथ. आणि बघायला आले तेव्हा "मुलीला भाकरी येते का?" या प्रश्नावर माझ्या काकांनी मोठ्या तोंडाने सांगून टाकलेलं, "उत्तम येते!" त्यामुळे शेतात पोचले ती भाकरीची धास्ती घेऊनच. आज आपलं पितळ उघडं पडणार, सगळ्या घरासमोर, असं मनात पक्कं झालेलं. तरी उसनं अवसान आणून पदर खोचला आणि चुलीकडे निघाले.

"कुटं निघालीस?" मामांनी विचारलं.

"भाकरी… करते की मी."

"हितं बायकांनी उठायचं न्हाय. बस तितं घोंगड्यावर, आत्याच्या शेजारी."

मला वाटलं, यांना कळलं. काकांची थाप यांनी ओळखली आणि चारचौघांत माझी अशी शोभा केली. झालं, डोळ्यांना धार लागली! आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पाय लांब करून शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं रडतीस काय येडे? बस की. आयतं खायाचा दिस हाय आपला." आणि माझ्या ओंजळीत त्यांनी शेंगदाणे ओतले. त्या दिवशी मी सासरच्या माणसांत बसून, कुणी काही न विचारता, पोटभर जेवले. भाकरी न येणारी सून म्हणून जी भीती मी कित्येक दिवस उराशी धरली होती, ती त्या घोंगड्यावर निघून गेली. मामांना त्यातलं काही माहीत नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण मी त्यांची ऋणी राहिले ती राहिलेच.

त्यांचं चुलीपाशी बसणं बघत राहावं असं होतं. आधी चिमूटभर माती हातातून सोडून वारं कुठलं आहे ते बघायचे, मग दगड मांडायचे. पातेल्याला बाहेरून राख-मातीचा लेप द्यायचे, म्हणजे काजळी नंतर पाण्याबरोबर निघून जाते. तुराट्यांनी जाळ धरला की मागून बाभळीचं एक जाड लाकूड आत सरकवायचे आणि मग त्या लाकडाला पुन्हा हात नाही. वांगी, कांदे, मिरच्या निखाऱ्यात. पातेल्यात हुलग्याची शेंगोळी. ती मात्र त्यांना बारीक वळता यायची नाही, बोटाएवढी जाड व्हायची. आत्यांनी आयुष्यभर विड्या वळलेल्या, त्यांचा हात मशीनसारखा, त्या घोंगड्यावरून ओरडायच्या, "आवो, शेंगुळी हाय का रुळाचा तुकडा?" आणि भाकरी मामा परातीत थापायचेच नाहीत. गोळा घ्यायचे आणि दोन्ही तळव्यांवर फिरवत फिरवत, टप-टप-टप, हातावरच मोठी करायचे. लाइनीवर परात कुठली? बारा माणसांची गँग, एक तवा, एक पातेलं, आणि पाळीपाळीने स्वयंपाक. त्यात मामांची पाळी आली की लोक खूश. जाडसर, कडेला जरा फाटलेली, धुराचा वास लागलेली ती भाकरी मोडून त्यावर गरम भरीत आणि कच्चं तेल… आता लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय, काय करू?

या कायद्यामागची गोष्ट मला आत्यांनीच सांगितली, तीही मामा चार हातांवर पाठमोरे बसलेले असताना, मुद्दाम मोठ्याने. "मिलिंद पोटात हुता तवाची गोष्ट. माज्या अंगात ताप. ह्ये आट दिसांनी लाइनीवरनं आले न् बाजंवर बसले. माजी भाकरी करपली. तर ह्यांनी ताट ढकललं माज्याकडं. म्हनले, येवढंबी जमंना का तुला?"

"मग हो, आत्या?"

"मग काय? दुसरी केली. पन पुढं म्हयन्याभरानं ह्यांचा गँगवाला आला घरी च्या प्यायला. मला म्हनतो, वैनी, तुमचं नशीब लई भारी, ह्यांच्या हातची भाकरी खायाला आमच्यात भांडनं हुत्यात. मी तर गारच पडले! ह्या मानसाला समदं येतंय! येतंय, न् बाजंवर बसून मला बोलतोय!"

"सांग, समद्या शिवाराला सांग," मामा मागे न वळता म्हणाले.

"सांगनारच की. भेतीय का काय मी?"

त्या दिवसानंतर आत्या महिनाभर मामांशी बोलल्या नव्हत्या म्हणे. विड्या वळायच्या, ताट वाढायच्या, पण तोंडातून शब्द नाही. मामांनी ते मनात ठेवलं आणि किती वर्षांनी, जमीन घेतली त्या दिवशी, लिंबाखाली घोंगडं अंथरून त्यांना म्हणाले, "हितं तू उठायचं न्हाय." एवढीच त्यांची माफी. आत्यांनी ती स्वीकारली, पण फुकट नाही; शेवटपर्यंत दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतलं.

आता मी मामांना देव करून ठेवणार नाही. मला तसलं लिहिताच येत नाही. शेतात हा कायदा, आणि घरी? घरी दर संध्याकाळी बापलेक टीव्हीपुढे आणि "चहा होईल का गं?" आत्या गेल्यावर सगळं स्वयंपाकघर माझ्या गळ्यात आलं. एकदा पेपर तपासण्याचे दिवस होते, गठ्ठा घेऊन दमून घरी आले, चप्पल काढायच्या आत आतून आवाज, "आलीस का? च्या टाक की." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, रविवारी शेतात राणी आणि सोमवारपासून मोलकरीण, हे मला चालणार नाही. तुमचा कायदा काय फक्त लिंबाखालीच चालतो का?" आवाज शेजारपाजारी गेला असणार. मिलिंद पांढराफटक पडला. मामांनी टीव्ही बंद केला आणि ते चप्पल घालून बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुजं बराबर हाय," म्हणाले. "शेतात कोन बगत न्हाय. हितं लोक हसत्याल, आसं वाटायचं मला."

आणि मग सुरू झाली गंमत. भर वाऱ्यात एका काडीत चूल पेटवणारा हा माणूस गॅसला मात्र भ्यायचा! बटण फिरवायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि मग लायटर शोधायला लागायचे. तोवर गॅस साठायचा आणि भक्कन पेटायचा. पहिल्या आठवड्यात मिशीची एक बाजू गेली. मी हसून हसून खाली बसले, तेही हसले. पण त्या दिवसापासून दवाखान्यात नेईपर्यंत, इतकी वर्षं, सकाळचा चहा त्यांनी केला. मी उठायचे तेव्हा माझा कप ओट्यावर बशी झाकून ठेवलेला असायचा. साखर नेहमी जास्त. मी कधी बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. जाळ फुंकताना मध्येच थांबायचे. तेव्हा त्यांनी मिलिंदला हाका मारायला सुरुवात केली. "ये रं, बस हितं. पीठ मळ." माझा नवरा वाईट माणूस नाही हो, पाणी आणेल, लाकडं फोडेल, भांडी घासेल. पण चुलीपाशी बसायचं म्हटलं की, "आण्णा, तुमच्या हाताची सर माझ्या हाताला नाही यायची," असं गोड बोलून पुन्हा फोनमध्ये डोकं. एकदा तो असा निघून गेल्यावर मामा माझ्याशी बोलले. मी घोंगड्यावर, ते चुलीपाशी.

"त्याला शिकवलं न्हाय मी. वाटलं, बगून बगून शिकंल. बगून कुनी शिकत न्हाय गं… मी गेलो की पोटाला लागतंय म्हनून तूच उटशील. मग तुज्या मागनं तन्वी उटंल. मग माजा काय उपेग झाला?"

तन्वी माझी मुलगी. मी म्हटलं, "नाही उठणार, मामा."

"बग हां. भूक लई वाईट आसती."

तर परवाच्या रविवारी, ते गेल्यानंतर पहिल्यांदाच, आम्ही शेतात गेलो. मिलिंद, मी, तन्वी आणि बार्शीहून आलेल्या माझ्या नणंद रंजनाताई. निघताना मिलिंद म्हणालाच, "या वेळी ढाब्यावर जेवू या का?" मी म्हटलं, "नको." लिंबाखाली घोंगडं अंथरलं आणि आम्ही तिघी बसलो. मिलिंद उभा. तो चुलीच्या दगडांकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे बघतोय. ज्वारीतून वारं वाहत होतं. शेवटी तो खाली बसला. काड्यांची अर्धी पेटी संपवली. धूर असा केला की बांधापलीकडच्या माणसाने हाक मारून विचारलं, काय पेटलंय म्हणून. पीठ मळलं ते पातळ. हातावर घेतलं की ओघळायचं. पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही, सरळ निखाऱ्यात पडली. दुसरी मधोमध फाटली. दोन वाजून गेले. पोटात नुसते कावळे.

रंजनाताईंना बघवेना. "वहिनी, चला की, दोघी मिळून पटकन उरकू. याचं कधी व्हायचं?" त्या अर्ध्या उठल्या. तन्वीही उठायला लागली. आणि खोटं कशाला बोलू, माझाही हात जमिनीवर टेकला होता. मला आता भाकरी येते. वीस मिनिटांत सगळ्यांची पोटं भरली असती, मिलिंद सुटला असता, आणि पुढच्या रविवारी मी आपोआप चुलीपाशी बसले असते. मामांची इतक्या वर्षांची धडपड वीस मिनिटांत संपली असती. मी ताईंचा हात धरला. "बसा ताई," म्हटलं. "तन्वी, तूही बस."

मिलिंदने एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे लाल, कपाळाला पीठ. मला वाटलं, आता चिडतो. चिडला नाही. पिठात अजून पीठ घातलं, पुन्हा मळलं आणि गोळा तळव्यावर घेऊन हळूहळू फिरवायला लागला. आवाज काही टप-टप येत नव्हता, नुसतंच फदफद… पण या वेळी ती तव्यावर पोचली. एका बाजूला काळी, एका बाजूला कच्ची, आकार कशाचाच नाही. त्याने ती पानात घातली, वर भाजलेलं वांगं आणि मीठ ठेवलं आणि माझ्यासमोर आणून ठेवली. आम्ही तिघींनी ती वाटून खाल्ली. मामांची फार आठवण आली. मी माझा तुकडा शेवटच्या कणापर्यंत संपवला. मग तिथूनच ओरडले, "अजून एक दे की!"

"थांब जरा," तो चुलीत लाकूड सरकवत, मागे न बघता म्हणाला. "जाळ धरू दे."