विमानतळापर्यंतचे मामा

तामोरेमामांनी पहिल्याच भेटीत मला खिसे उलटे करायला लावले. तेही कंपनीच्या गेटवर, वॉचमन आणि पहिल्या पाळीला येणाऱ्या पंधरा-वीस कामगारांच्या साक्षीने. मी नुकताच प्रयोगशाळेतून मार्केटिंगला आलो होतो, आयुष्यातलं पहिलं विमान पकडायला निघालो होतो आणि त्यासाठी खास शिवलेला कोट घातला होता. मामांनी कोटाकडे एकदा पाहिलं, मला विमानतळावर न्यायला आणलेल्या गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हणाले, "सायब, खिशातलं सगलं हितं ठेवा."

मी ठेवलं. किल्ल्या, पाकीट, नेलकटर, एक स्क्रू-ड्रायव्हर. तो कोटात कसा आला हे मला आजही सांगता येणार नाही.

"आता बॅग."

बॅगेत कपड्यांच्या घडीत रबर लावलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. आमची कंपनी बोईसरजवळ, तारापूरच्या एमआयडीसीत कापडाचे रंग बनवते. त्यातलाच पाव किलो रंग मी ग्राहकाला दाखवायला नेत होतो.

"ह्ये काय हाय?"

"सॅम्पल."

"कसलं?"

"पिवळ्या रंगाचं."

"ते दिसतंय. तिथला पोलीस इचारंल तर काय सांगाल?"

मी रंगाचं पूर्ण रासायनिक नाव सांगितलं. मामांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं ह्ये नाव सांगून होईपर्यंत इमान हैदराबादला पोचंल," असं म्हणून त्यांनी पिशवी वॉचमनच्या टेबलावर नेऊन ठेवली. "कुरिअरनं पाठवा. तुमी तेवढे इमानानं जा."

मामा घिवलीचे. गावामागे अणुवीज केंद्र, पुढे समुद्र. पंचविशीपर्यंत त्यांनी वडिलांच्या होडीवर काम केलं. पुढे गाडी घेतली, ती आमच्या कंपनीला करारावर लावली आणि एकोणीस वर्षं आम्हा लोकांना बोईसरहून मुंबईच्या विमानतळावर नेऊन सोडलं, परत आणलं. स्वतः मात्र विमानात एकदाही बसले नाहीत. मी एकदा विचारलं, "मामा, कधी बसावंसं नाही वाटलं?"

"तुमाला परत आनतो ना मी," मामा म्हणाले. "तोंडं बघतो एकेकाची."

विमानप्रवासाचं त्यांचं सगळं ज्ञान परतीच्या वाटेवरचं होतं. प्रत्येक साहेब मागच्या सीटवर बसला की दहिसरपासून बोईसरकडे वळायच्या चिल्हार फाट्यापर्यंत तक्रार करायचा आणि मामा ती मनात ठेवून घ्यायचे. त्यामुळे कुठल्या कंपनीचं विमान कोणत्या वारी उशिरा सुटतं, हातातल्या बॅगेचं वजन कुठे काटेकोर बघतात आणि कुठे नुसतं बघितल्यासारखं करतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. सुरुवातीला लोक विमानात मिळालेल्या जेवणाला नावं ठेवायचे. मग जेवण बंद झालं, तेव्हा सँडविचला नावं ठेवू लागले. मग तेही विकत झालं. खिडकीची जागा विकत, पाय लांब करायची जागा विकत, आणि कंपनीचा नियम असा की सर्वांत स्वस्त तिकीट घ्यायचं. म्हणजे मधली सीट आणि दोन्ही बाजूंना आपल्याहून रुंद गृहस्थ. कोरोनानंतर तर एक साहेब तोंडावर प्लॅस्टिकची काच लावून हैदराबादला गेले आणि तशीच लावून परत आले. बोईसरला उतरेपर्यंत त्यांना काढायचं सुचलंच नाही.

"पयले सायब झोपत यायचे," मामा म्हणायचे. "आता भांडत येतात. इमान हाय तेवढंच हाय."

निघायची वेळ मामा ठरवायचे. त्यात साहेबाने बोलायचं नाही असा अलिखित नियम होता, आणि हा हिशोब त्यांनी हायवेवर नव्हे, खाडीवर शिकलेला होता. "खाडीच्या तोंडाशी पानी हाय तोवर होडी आत घ्यायची," ते सांगत. "पानी उतरलं की बसा चिखलात सहा तास. वरडून पानी येत नाय." हायवेवरच्या वर्सोव्याच्या पुलावर ट्रकांची भरती-ओहोटी असते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. मी दोन महिने वहीत वेळा मांडून तो खोटा ठरवायला गेलो. खरा निघाला. वही मी कुणाला दाखवली नाही.

मामांची आणखी एक सवय म्हणजे टर्मिनल तीनदा विचारायची. एकदा बोईसरला, एकदा मनोरला, एकदा दहिसरच्या नाक्यावर. एका सकाळी तिसऱ्यांदा विचारल्यावर मी चिडलो.

"मामा, मी काय लहान आहे का?"

"नाय सायब."

त्यांनी मला मी सांगितलेल्या टर्मिनलवर सोडलं. मी ऐटीत बॅग ओढत दारापर्यंत गेलो. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, मला पाहिलं आणि हाताने दूरचं कुठलं तरी क्षितिज दाखवलं. मी वळलो, तर मामा गाडीचं मागचं दार उघडून उभे होते. म्हणजे ते गेलेच नव्हते. त्यांनी मला दुसऱ्या टर्मिनलवर नेलं. उतरताना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. एक डायरेक्टर चारदा चुकलेत. तुमचं दुसऱ्यांदाच हाय."

एवढं होऊनही मला अक्कल आली नाही, हे आता सांगायचं आहे.

त्या वर्षी विमानतळावर चेहरा दाखवून आत जायची सोय झाली. मी मोबाइलवर माझा चेहरा नोंदवला आणि एकदम आधुनिक झालो. हैदराबादच्या आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडे वर्षाच्या ऑर्डरची बैठक होती. विमान दुपारी एक चाळीसचं. मामांनी निघायची वेळ दिली साडेसात. मी म्हटलं, साडेनऊ.

"मामा, आता रांग नाही, कागद नाही. बोर्डिंग पास मोबाइलवर. बॅग हातात. चेहरा दाखवला की दार उघडतं."

"तिथं दाखवाल," मामा म्हणाले. "वर्सोव्याच्या पुलावर कोनाला दाखवाल?"

मी हसलो. मामा सात वीसलाच गेटवर हजर होते. मी कॅन्टीनमध्ये पोहे खाल्ले, एक ईमेल पाठवला, तो सुधारून पुन्हा पाठवला, आणि नऊ चाळीसला गाडीत बसलो. मामांनी नेहमीप्रमाणे लॉगबुक पुढे केलं. त्यात गाडी हजर झाल्याची वेळ, निघाल्याची वेळ आणि प्रवाशाची सही असे तीन रकाने असत. मी न वाचता सही केली.

पुलाच्या अलीकडे एक लेन खोदून ठेवली होती. आमच्या पुढे एक सिमेंटचा ट्रक होता. तास-सव्वा तासाने त्याच्या मागच्या पाटीवरचा चालकाचा मोबाइल नंबर मला पाठ झाला. मामा एकदाही "मी म्हनालो व्हतो" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

एकला विमानतळावर उतरलो, धावत यंत्रासमोर गेलो आणि चेहरा दाखवला. यंत्राने तो नाकारला. नोंदवताना मला मिशा होत्या आणि चष्मा नव्हता. आता चष्मा होता आणि मिशा नव्हत्या, वर घाम. मग मी साध्या रांगेत उभा राहिलो. बोर्डिंगच्या दारापाशी पोचलो तेव्हा विमान काचेपलीकडे दिसत होतं. तिथल्या मुलीने फार अदबीने सांगितलं की ते आता माझं नाही.

संध्याकाळपर्यंत बैठक उरकली, माझ्याशिवाय. ऑर्डरचा अर्धा हिस्सा गुजरातच्या एका कारखान्याला गेला. आमचे जनरल मॅनेजर देसाईसाहेब यांचा मेसेज आला, "का चुकलं? लेखी कळवा." मी विमानतळावरच्या खुर्चीत बसून उत्तर लिहिलं. एरवी माझे ईमेल लांबतात. हा एका ओळीचा होता. *गाडी दोन तास उशिरा आली.*

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून पहिल्यांदाच कुणी तक्रार केली नाही. मामांनी आरशात दोनदा पाहिलं. त्यांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

दोन दिवसांनी कळलं की मामांना दुपारी चार वाजता देसाईसाहेबांनी बोलावलंय. करार महिनाअखेरीस संपणार होता. पुढचं वर्ष द्यायचं की मोबाइलवरून टॅक्सी मागवायची, याचा निर्णय आधीपासून लोंबकळत होता. माझ्या एका ओळीने तो सोपा केला होता.

तीनच्या सुमारास मामा माझ्या टेबलापाशी आले. सोळा वर्षांत ते ऑफिसच्या आत पहिल्यांदाच आले असावेत. हातात लॉगबुक होतं. त्यांनी ते उघडून माझ्यापुढे ठेवलं. हजर, सात वीस. निघाले, नऊ चाळीस. खाली माझी सही, चांगली वळणदार.

"तुमी काय लिवलं ते शिपायानं सांगितलं मला," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"ह्ये दाखवलं तर तुमी जाल. नाय दाखवलं तर मी जाईन. गाडी दारात उबी ऱ्हायली तर घरात काय ऱ्हातं ते मला म्हायती हाय, म्हनून मी दाखवनार. पन तुमीच जाऊन सांगितलंत, तर कदाचित दोघं परत एका गाडीत बसू. माझं चारला हाय. तुमी साडेतीनला जा."

"मामा, मला थोडा वेळ..."

"साडेतीनला," मामा म्हणाले, आणि लॉगबुक काखेत घेऊन बाहेर गेले.

मी साडेतीनला उठलो. मग बसलो. पाणी प्यायलो. नोकरी गेली तर बायकोला काय सांगायचं याची दोन वाक्यं जुळवली, ती पसंत पडली नाहीत. मग उठून देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं. पोहे, सुधारलेला ईमेल, पूल, मिशा, आणि ती एक ओळ खोटी आहे हेही. देसाईसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवायच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पवार, यंत्राचं बरोबर होतं. मलाही तुम्ही ओळखू येत नाही आहात."

माझी त्या वर्षीची बढती गेली आणि हैदराबादचं खातं एका तरुण बाईंकडे गेलं. पहिल्या दिवसापासून त्या मामांचं ऐकत आल्या आणि बाईंचं एकही विमान कधी चुकलं नाही. मामांचा करार वाढला. अजून तीन वर्षं त्यांनी गाडी चालवली, मग पाठ धरली म्हणून घिवलीला घरी बसले.

पण ते नंतरचं. त्या दिवशी केबिनमधून मी बाहेर आलो तेव्हा मामा पॅसेजमधल्या बाकावर बसले होते. मी काहीतरी मोठं करून आलोय अशी माझी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर, त्यांनी खांद्यावर हात ठेवावा एवढी अपेक्षाही होती.

"सांगितलं, मामा."

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साडेतीन म्हनालो व्हतो," ते म्हणाले. "तीन पन्नासला गेलात."