बसायचं घरून आणायचं

वत्सला गेल्याचं मला शबानानं फोनवर सांगितलं. शबाना आमच्या गावातल्या शिंपीकाम करणाऱ्या घरातली, वत्सलाच्या खेळांमधली मुख्य बाई. "मावशी, वच्छलाबाई गेली," एवढंच म्हणाली. मी अकोल्याला स्वयंपाकघरात उभी, हात कणकेत. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो आधी वत्सलाचाच. दिवाळीपासून छातीत दुखत होतं तिच्या. दर वेळी म्हणायची, "एवढा खेळ होऊ दे, मंग दाखोतो अमरावतीले." खेळ झाला, दाखवायला ती उरली नाही. त्याच संध्याकाळी गावच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा बॅनर आला. वत्सलाचा फोटो कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढा. बाकीची सगळी जागा हात जोडून उभ्या असलेल्या, ठणठणीत जिवंत पुढाऱ्यांची. त्यातल्या निम्म्यांनी तिला हयातभर पाण्यात पाहिलं होतं. मी फोन पालथा टाकला आणि कणीक इतकी मळली की पोळ्या वातड झाल्या.

आम्ही दोघी वलगावच्या पलीकडच्या एका गावच्या, एकाच गल्लीतल्या. तिचे बाबा दंडारीत ढोलकी वाजवायचे. दंडार म्हणजे गाणं, नाच आणि सोंगं यांचं आमच्याकडचं लोकनाट्य; बायांची सोंगंही पुरुषच घ्यायचे. आम्ही पोरींनी ती भिंतीआडून पाहायची, अशी पद्धत होती. वत्सला पाहायची कमी, ऐकायची जास्त. घरी येऊन पिठाच्या डब्यावर बोल काढायची आणि आईचा मार खायची. पुढे लग्न होऊन ती नांदगाव पेठला गेली, नवरा लवकर वारल्यावर माहेरी परतली आणि अंगणवाडीत मदतनीस झाली. परतली तेव्हा बाबा नव्हते, दंडारही बंद पडलेली. ढोलकी तेवढी आढ्याला टांगलेली होती. ती तिनं खाली काढली, पुसली, आणि दिवसाढवळ्या ओट्यावर बसून वाजवली. विधवा बाईनं मांडीवर ढोलकी घेतली म्हणून गावात जी बोंब उठली, ती अकोल्यापर्यंत माझ्या कानावर आली. लोकांनी तिच्या भावाला गाठलं, बहिणीला आवर म्हणून सांगितलं. भाऊ बिचारा भिडस्त. तिला आवरायचं कसं, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

गावाबाहेर बंद पडलेल्या जिनाची शेड होती, कापसातून सरकी काढायची. मालक केव्हाच अमरावतीला गेलेले; वापरा म्हणाले. वेचणीवरून आलेल्या बायांनी ती झाडली, लिंपली. भिंतींतून किती दिवस कापसाची धूळ गळत होती. वत्सलानं त्या बायांनाच उभं केलं. दंडारीच्या जुन्या चालींवर तिनं त्यांच्याच तोंडची भांडणं, लग्नं, बाळंतपणं रचली. शबानाच्या घरचे पाठवायला तयार नव्हते, तेव्हा ही त्यांच्या दारात रोज जाऊन त्यांच्या अम्मीबरोबर काजं करत बसायची. विषय काढायची नाही. शेवटी अम्मीच वैतागून म्हणाली, ले जा उसको, और मेरे सर से उतर.

पहिल्या खेळाला मात्र घोटाळा झाला. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या होत्या. पाटलांची माणसं, सोसायटीची माणसं, त्यांचे पाहुणे येऊन ऐसपैस बसले, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया, ज्यांच्या लेकी-सुना आत तोंडाला रंग लावून उभ्या होत्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना कोणी उभं राहा म्हटलं नव्हतं. बसा असंही कोणी म्हटलं नव्हतं. वत्सलानं ढोलकीवरचे हात उचलले. शेडमध्ये चुळबुळ सुरू झाली.

"याच्यापुढे खुर्च्या नाई," ती म्हणाली. "ज्याले पाहाचं असन त्यानं आपलं बसाचं घरून आनावं. आन रिकामी जागा ज्याले दिसन, त्याची."

पुढच्या खेळाला लोक पोती, घोंगड्या, गोधड्या घेऊन आले. पाटील गड्याच्या डोक्यावर आपली वेताची खुर्ची घेऊन आले. घरूनच आणली म्हणाले. सगळे वत्सलाकडे बघायला लागले. वत्सलानं त्यांना नमस्कार केला, बसा म्हणाली, फक्त सगळ्यात मागे, कारण खुर्चीमागच्या माणसांना दिसत नाही. पाटील भिंतीला लागून एकटेच बसले. त्याच्या पुढच्या खेळाला ते सतरंजी घेऊन लवकर आले, आणि एका मजुरणीच्या पोत्याला ती लावून बसले. माझ्या आयुष्यात मी गावात झालेली एवढी मोठी गोष्ट दुसरी पाहिली नाही, आणि ती कुठल्याही भाषणाशिवाय झाली.

मग ते वाढतच गेलं. उन्हाळ्यात शिबिरं, आसपासच्या गावांतली भजनी मंडळं, दंडारीतले विसरले गेलेले म्हातारे शोधून आणून शिकवायला बसवणं. कौंडण्यपूरच्या जत्रेतही आमच्या बायांनी खेळ केला. वत्सलाची स्वतःची एक फारी होती, म्हणजे पोती उसवून एकात एक शिवलेलं जाड अंथरूण, निळ्या काठाचं. खेळ नसला की ते आतल्या खिळ्याला लटकलेलं असायचं. मी गेले की त्यावरच आम्ही दोघी बसायचो आणि ती माझ्या अकोल्याच्या मराठीची टिंगल करायची.

आणि आता ती शोकसभा. मी शेडमध्ये पाय ठेवला आणि तिथंच थबकले. नव्याकोऱ्या लाल खुर्च्यांच्या रांगा. व्यासपीठावर सोफा. ज्या बाईनं आयुष्यभर शाल-नारळ दाराबाहेर ठेवला, तिच्या फोटोसमोर पाहुण्यांचे सत्कार चालले होते. ढोलकी घेऊन बसली म्हणून ज्यांनी तिच्या भावाचे कान भरले, ते तिला गावाचं भूषण म्हणत होते. आणि नाल्यापलीकडच्या बाया... भिंतीला टेकून उभ्या. मग तिच्याच भावाचा मुलगा गजानन, आता शेडच्या समितीचा अध्यक्ष, उठला आणि त्यानं जाहीर केलं की आत्यांच्या स्मरणार्थ इथं मंगल कार्यालय होणार, त्यांच्याच नावाचं. तालमी लग्नाच्या तारखा सोडून होतील.

मी उभी राहिले. माझा आवाज चढला, याची मला लाज वाटत नाही. गजाननला म्हटलं, "तिच्या नावानं तिचंच घर बुडवून राहिला तू. निदान तिचं नाव तरी नको लावू."

"मावशी, गाव पुढे चाललं," तो म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला. खुर्चीवर बसलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांत आमच्या खेळांत काम केलेल्याही काही जणी होत्या, आणि तो राग माझा अजून उतरलेला नाही.

गेल्या आठवड्यात तालमीला गेले. शेडला कुलूप, दारावर दिव्यांच्या माळा. दुसऱ्या दिवशी कुणाचंसं लग्न होतं. शबाना आणि सात-आठ जणी बाहेर लिंबाखाली जमल्या होत्या. फारी शबानानं आधीच घरी नेऊन ठेवली होती. ती तिनं सगळ्यांच्या पुढे अंथरली, आणि तिच्यावर कोणी बसलं नाही. आम्ही तिच्याकडे बघत आपापल्या पोत्यांवर, सतरंज्यांवर बसलो. तेवढ्यात नाल्यापलीकडची एक नवी सून आली, कडेवर लेकरू, हातात बसायचं काही नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ फारीवर जाऊन बसली. वत्सलाची ढोलकी आता शबाना वाजवायची; तिचे हात थांबले. मी त्या सुनेला उठवायला तोंड उघडलं.

"कोनाची जागा हाये का जी?" तिनं विचारलं.

मी "नाई," म्हटलं, "रिकामीच होती. बस."

मग मी माझी सतरंजी उचलली आणि शेडच्या कुलुपबंद दारासमोर, बरोबर येण्याजाण्याच्या वाटेत नेऊन अंथरली. बाकीच्याही आपापली पोती घेऊन तिकडे सरकल्या. सजावटवाला फुलांची टोपली घेऊन आला, म्हणाला, बाई, जरा उठता का, दार उघडायचंय.

मी त्याला सांगितलं, जागा रिकामी होती.