तुरीच्या धसकटांवर उघडी कॉइल

माझ्या मशीनला हात लावायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. शेतात पडलेलं डोरलं, विहिरीच्या काठावर निसटलेलं कानातलं, काहीही हरवलं की आमच्या लातूरच्या गोतावळ्यातून मलाच फोन. नवरा म्हणतो, "पोरांना एवढं जपली न्हाईस." खरंय! पोरं पडली तर उठतात. पण खालची ती गोल चकती, कॉइल, एकदा चिरली अन् आत ओल गेली की संपला खेळ. दुरुस्त करणारा माणूस मला लातुरात भेटला नाही, नांदेडात भेटला नाही. म्हणून माझे नियम कडक. वायर दांड्याला सैलच गुंडाळायची, ताणली की सांध्यात तुटते. काम झालं की ओल्या फडक्यानं पुसायचं, सेल काढायचे, अन् सगळं जुन्या वाकळेच्या पिशवीत. कॉइलचं मूळचं कव्हर घासून घासून फाटलं, तर मी प्लास्टिकचं ताट कापून खालून बसवलं आणि कडेनं चिकटपट्टी मारली. काय फिट बसलं होतं म्हणता!

चिकटपट्टी मारून हात धुते तोवर नायगावकडच्या गावातून फोन. मामांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्यांच्या यजमानांचा. आवाज पार पडलेला. "सूनबाई, मशीन घिऊन ये. तुझ्या आत्याच्या गळ्यातलं इष्टलिंग हरवलंय."

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात बांधतात. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास. ते हरवलं तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आजकाल कोण पाळतं एवढं? आत्या पाळतात! तुरीच्या रानात सरवा, म्हणजे कापणीतून राहिलेल्या शेंगा, वेचत होत्या. दोरा कधी तुटला कळलंच नाही, घरी आल्यावर हात गळ्याशी गेला. तेव्हापासून तोंडात थेंब नाही, आणि बाईला साखरेची बिमारी. गावातले जंगम महाराज म्हणाले, दुसरं देतो. आत्यांचं एकच, "आईच्या मांडीवर हुते तवा बांधलेलं हाय. त्ये भेटंस्तोवर मला कुनी काय बोलू नगा."

"गाडी काढा," मी नवऱ्याला म्हटलं. त्यानं चपलाही नीट घातल्या नाहीत.

रानात पोचलो तर बांधावर बाभळीखाली आत्या बसलेल्या, ओठ पांढरे पडलेले. मामा शेजारी उभे. मला बघून त्या हसल्या अन् म्हणाल्या, "आलीस? आता भेटतंय बघ." एवढा भरवसा! मी मशीन चालू केलं, पहिलंच पाऊल टाकलं आणि टूंऽ! "सापडलं!" गावातली माणसं धावली, नवऱ्यानं ढेकळं उकरली. काही नाही. पुढं सरकले, पुन्हा टूंऽ. पुन्हा उकरलं, पुन्हा काही नाही. मग तर पाऊल टाकलं की टूं, हात हलवला की टूं. दर वेळी आत्या अर्ध्या उठायच्या आणि पुन्हा खाली बसायच्या. तेच मला बघवेना. कुणीतरी मागून म्हणालं, "रानात हंडा पुरलाय वाटतं." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "हंडा पुरलाय तर तुम्हीच घ्या, पण आत्ता गप बसा!"

मी मशीन उलटं करून हलवलं, तर ताटाच्या आत खुळखुळ. खुळखुळ? माझ्या कॉइलच्या कव्हरात? मला एकदम सासूबाई आठवल्या, ताट बसवताना शेजारीच बसलेल्या. लावला फोन. "आई, मशीनमध्ये काय घातलंय तुम्ही?"

"घोड्याच्या नालेचा तुकडा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू चिकटपट्टी आनाया आत गेलीस तवा ठिवला. सारखी परक्या गावाला न्हेतीस, नजर लागती मशिनीला."

मशीन लोखंड हुडकतं, आणि माझ्या माऊलीनं लोखंडच त्याच्या तोंडात दिलं! रागावू की हसू कळेना. टराटरा चिकटपट्टी ओढली, तुकडा काढून खिशात टाकला. पण ओढताना ताट मधोमध तडकलं, ते काही पुन्हा बसेना. आणि खाली काय? तुरीची धसकटं, तिरपी कापलेली, एकेक सुरीसारखं. कॉइल वर धरून फिरवावी तर मशीनला डबी लागणार नाही. नवरा हळूच म्हणाला, "उघडी कॉइल? फुटंल गं."

मी बांधाकडं बघितलं. आत्यांनी डोळे मिटले होते, मान एका बाजूला कललेली. "फुटू दे!" मी म्हटलं आणि कॉइल जमिनीला टेकवली.

खर्र खर्र खर्र! एकेक ओरखडा माझ्याच पाठीवर उठत होता, पण आता मशीन शहाण्यासारखं गप्प होतं. तुरीची एक ओळ संपली, दुसरी धरली, तिसरीच्या मध्यात आले... आणि ठणठणीत, स्वच्छ, गोड आवाज! मी गुडघ्यावर पडले. ढेकूळ बाजूला केलं तर भेगेत अर्धी गेलेली चांदीची डबी, तुटक्या दोऱ्यासकट. "आत्याऽ!" मी अशी ओरडले की बाभळीवरचे बगळे उडाले. मशीन कुठं टाकलं, कुणास ठाऊक. रडत, हसत पळत सुटले.

आत्यांनी तोंड धुतलं, विभूती लावली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि तिथंच बांधावर पूजा केली. मग त्यांनी तांब्या उचलला, एक घोट घेतला, फक्त एक, आणि तांब्या मामांच्या हातात दिला.

"प्या आता," त्या म्हणाल्या. "तुमच्या गळ्यातलं तर जागेवरच हाय की. तुमी कशापायी उपाशी ऱ्हायलात? मला काय दिसत न्हाई व्हय?"

मामांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि घटाघटा रिकामा केला.