लेकाच्या वाटणीतले फोटो

तेव्हा गोव्यातल्या हरमलच्या घरात आम्ही तिघीच होतो: मी, सून सुनीता नि शेजारची मीना. माझा लेक वारून महिना झालेला. आज तापलेल्या धुळीचा तसाच वास आला नि ती दुपार आठवली.

लेकाने कंप्यूटरात दोन सिस्टम घातलेल्या. भाऊ घर वाटून मधलं दार बंद करतात, तशा दोन वाटण्या. त्याचे फोटो असलेली सिस्टम चालूच होईना. दुसरीतून ती वाटणी उघडायला गेलो, तर इंग्रजीत प्रश्न आला. दार उघडू का विचारतो, असं वाटून सुनीता ‘हो’ दाबणार, इतक्यात मीना ओरडली, "वयनी, हात काढ! सगळां पुसान जातलां!"

 मी सुनीताचं बोट धरलं.

ती वाटणी पुसून कोरी करू का, असा तो प्रश्न होता. मीनाने ‘नको’ दाबलं, फोटो नुसते बघता येतील असं काहीतरी कंप्यूटरात घातलं. फोटोतला लेक हसत समोर आला. तरी ते बोट माझ्याने सोडवेना.

तुमच्या माणसाला आजच विचारा, फोटो कुठे ठेवलेत ते.